एक वचन, चार टिपा: ‘विश्वास सोडला तर तारण जातं का?’ यासाठी कोणतं अभ्यास बायबल घ्यावं

अभ्यास बायबलच्या वेष्टनावर नकाशे, तक्ते आणि टिपांची संख्या ठळक छापलेली असते. टिपा लिहिणारा कोणत्या बाजूला उभा आहे हे मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. ती बाजू कळण्यासाठी एकच प्रश्न पुरतो: खरोखर विश्वास ठेवलेल्या माणसाने पुढे विश्वासच सोडला, तर त्याचं तारण (पापापासून देवाने केलेली सुटका) राहतं का? इथे चार टीपासंच याच एका कसावर घासून पाहिले आहेत. जिनिव्हा बायबलच्या १५९९च्या टिपा, मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या नव्या करारावरील १७५५च्या टिपा, स्कोफिल्ड रेफरन्स बायबल (१९०९, सुधारित १९१७) आणि डोनाल्ड स्टॅम्प्स यांचं पेन्टेकॉस्टल वळणाचं फुल लाइफ स्टडी बायबल. चारही इंग्रजीत आहेत. चारही आपल्या परीने प्रामाणिक आहेत आणि चारही ठिकाणी मूळ वचनात नसलेला एखादा शब्द टिपेने हळूच आत सरकवला आहे. या परीक्षणाचा मुद्दा तोच: तो शब्द कोणता, आणि वाचणाऱ्याला तो दिसतो का.

आधी प्रश्नाची धार नीट लावून घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. पापात पडणं आणि विश्वास सोडणं या दोन गोष्टी आहेत. रोमन कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७च्या सहाव्या सत्रात, पंधराव्या अध्यायात, हा फरक स्पष्ट केला: अविश्वासाने विश्वासच जातो, पण इतर कोणत्याही प्राणघातक पापाने विश्वास शाबूत राहूनही कृपा जाते. लुथरन पक्षाच्या १५३०च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाचं बारावं कलम, एकदा नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्मा गमावू शकत नाही असं म्हणणाऱ्यांचा निषेध करतं. हॉलंडमधल्या रेमॉन्स्ट्रन्ट पक्षाने (आर्मिनियसचे अनुयायी, म्हणजे आर्मिनियन) १६१०च्या पाचव्या कलमात हा प्रश्न उघडाच ठेवला होता, शास्त्रातून अधिक तपासायला हवा म्हणून. १६१८पर्यंत त्यांचं उत्तर ठरलं: खरा विश्वासणाराही पडू शकतो. कॅल्विनवाद्यांच्या डॉर्टच्या सभेने १६१८-१९मध्ये उलट निकाल दिला: देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत धरून ठेवतो. त्यानंतरचं पाचवं मत बरंच अलीकडचं. ते म्हणतं की एकदा विश्वास ठेवला की पुढे विश्वास संपला तरी तारण संपत नाही, फक्त प्रतिफळ जातं. डॉर्टवाले आणि हे पाचवे, दोघेही ‘तारण गमावता येत नाही’ असंच म्हणतात, म्हणून लोक त्यांना एकाच पोत्यात भरतात. पण डॉर्टच्या हिशेबात कायमचा अविश्वासी होऊन मेलेला माणूस मुळात खरा विश्वासणारा नव्हता, आणि पाचव्या मताच्या हिशेबात तो स्वर्गात जातो. जे अभ्यास बायबल हा फरक दाखवत नाही, त्याच्या नकाशांचं कौतुक करून काय उपयोग?

आता कस. इब्री लोकांस पत्र, अध्याय ६, वचनं ४ ते ६. ग्रीकमध्ये इथे पाच कृदंतं एकाच उपपदाखाली ओळीने येतात: प्रकाशित झालेले, स्वर्गीय दानाची रुची घेतलेले, पवित्र आत्म्याचे भागीदार झालेले, देवाच्या वचनाची रुची घेतलेले, आणि पाचवं ‘पारापेसोन्तास’, म्हणजे मग पडलेले. पाचवं कृदंत पहिल्या चारांच्याच रूपात आहे, ‘आणि’ने जोडलेलं. ‘जर’ हा शब्द तिथे नाही. जिनिव्हाच्या आणि नंतर १६११च्या किंग जेम्सच्या इंग्रजी पाठात मात्र ‘जर ते पडले तर’ असं भाषांतर आहे. या एका ‘जर’मुळे घडलेल्या गोष्टीचा संभाव्य प्रसंग होतो, आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो.

वेस्लीने नेमकं इथेच बोट ठेवलं. त्याने आपल्या टिपांसोबत पाठही स्वतः सुधारून दिला होता आणि त्यात ‘जर’ ठेवला नाही. सहाव्या वचनावरची त्याची टीप सांगते की हे गृहीतक नसून सरळ घडलेल्या गोष्टीचं कथन आहे, आणि हे लोक विश्वास, आशा, प्रीती तिन्ही गमावून बसले आहेत. चार संचांत या वचनावर ग्रीकला सर्वांत जवळची टीप हीच. कलस्सैकरांस १:२३वरही तो तितकाच थेट आहे: विश्वासात टिकून राहिला नाहीत, तर आतापर्यंत ज्याचा अनुभव घेऊ लागला आहात ते सारे आशीर्वाद गमवाल.

पण वेस्लीही पदरचं मीठ घालतो. योहान १०:२८मध्ये येशू म्हणतो की त्याची मेंढरं कधीही नाश पावणार नाहीत. वेस्लीची टीप इथे तीन अटी आणि तीन अभिवचनं जोड्या लावून मांडते, आणि मधल्या जोडीत म्हणते: माझ्या प्रीतीत राहिले तर. हा ‘तर’ योहान १५मधून उचललेला आहे. दहाव्या अध्यायातल्या वाक्यात तो नाही. १ योहान २:१९वर, जिथे ‘ते आपल्यातून निघाले, पण आपले नव्हतेच’ असं येतं, तिथे टीप भर घालते: निघाले तेव्हा आपले नव्हते, त्यांचं मन आधीच देवापासून दूर गेलं होतं. वचनात ‘तेव्हा’ नाही. आणि २ तीमथ्य २:१३वरची टीप सगळ्यांत अडखळते. ‘आपण अविश्वासी झालो’ या वाक्यातला ‘आपण’ ती ‘काही लोक’ असा फिरवते: काहींनी विश्वास ठेवला नाही तरी देव विश्वास ठेवणाऱ्यांना दिलेली अभिवचनं पाळतो. पौल तिथे प्रथम पुरुष अनेकवचन वापरतो. त्याच्या वाक्यात स्वतः पौल आणि तीमथ्य आहेत, त्यांना बाहेर काढून वाक्य सोपं करणं ही टीपकाराची सोय आहे. वेस्लीच्या टिपा लहान आहेत, एका दमात वाचता येतात, त्यामुळे अशी भर डोळ्यांत भरत नाही. अनेक टिपा जर्मन भाष्यकार बेंगेलच्या १७४२च्या लॅटिन टीकेच्या आधारावर उभ्या आहेत, आणि व्याकरणाच्या बाबतीत ते दिसतंही.

स्कोफिल्डकडे वळू. दृश्य मांडणी याच्यात सर्वांत चांगली. पाठाखाली टीप, समासात विषयवार संदर्भ-साखळी, त्यामुळे एक विषय पहिल्या उल्लेखापासून शेवटच्या उल्लेखापर्यंत धरून जाता येतं. इब्री ६वरची टीप म्हणते की हे यहूदी लोक विश्वासाचा दावा करणारे होते, तारणाच्या उंबरठ्यापर्यंत आले, आत्म्याच्या कार्यासोबत चालले, पण विश्वासाच्या अलीकडेच थांबले. ‘त्यांनी विश्वास ठेवला होता असं इथे म्हटलेलं नाही,’ असं टीप ठासून सांगते. उदाहरण देते कादेश-बर्ण्याच्या हेरांचं, ज्यांनी देश पाहिला, फळं हातात घेतली आणि तरी मागे फिरले.

ही टीप चाचणीत उभी राहत नाही असं म्हणता येणार नाही, पण तिला तीन ठिकाणी ठिगळ लावावं लागतं. एक, ४ ते ६ या वचनांत ‘विश्वास’ हा शब्द नाही हे खरं. पण तीन वचनं वर, ६:१मध्ये, ज्या पायावर हे लोक उभे आहेत त्यात ‘देवावरचा विश्वास’ स्पष्ट मोजलेला आहे, आणि सहाव्या वचनात त्यांना ‘पुन्हा’ पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे असं म्हटलंय. ‘पुन्हा’ म्हणजे आधी एकदा झालेला. दोन, ‘मेतोखोस’ (भागीदार) या ग्रीक शब्दाचा अर्थ टीप ‘सोबत चालणारा’ इतपत हलका करते. हाच शब्द याच पत्रात ३:१मध्ये स्वर्गीय पाचारणाच्या भागीदारांसाठी आणि ३:१४मध्ये ख्रिस्ताच्या भागीदारांसाठी आला आहे. लूक ५:७मध्ये तो दुसऱ्या मचव्यातल्या साथीदारांसाठी येतो हेही खरं, म्हणजे हलका अर्थ अशक्य नाही. पण हे पत्र लिहिणाऱ्याची स्वतःची सवय पाहिली तर पारडं दुसरीकडे झुकतं. ‘रुची घेणं’चंही तसंच: २:९मध्ये येशूने मरणाची ‘रुची’ घेतली, आणि ती कुणी उंबरठ्यावरून घेतली असं म्हणत नाही. तीन, कादेशचं उदाहरण दुधारी आहे. ज्यांची मनं तिथे अविश्वासाने कठीण झाली ते लोक मिसरातून, वल्हांडणाच्या रक्ताखालून निघाले होते, आणि वल्हांडण हा तारणाऱ्या ख्रिस्ताचा नमुना आहे असं निर्गम १२वर हेच स्कोफिल्ड सांगतं. एकाच पुस्तकातल्या दोन टिपांची अशी टक्कर व्हावी आणि संदर्भ-साखळीने ती दाखवू नये, हे या संचाचं मोठं न्यून.

स्कोफिल्डचा सरकवलेला शब्द म्हणजे ‘दावा करणारे’. २ तीमथ्य ३वरच्या टिपेत धर्मत्यागाची व्याख्याच अशी आहे: ख्रिस्ताचं देवत्व आणि त्याच्या बलिदानाने झालेली मुक्तता जाणूनबुजून नाकारणारे, ख्रिस्ती असल्याचा दावा करणारे लोक. म्हणजे खरा विश्वासणारा धर्मत्यागी होऊ शकतो का, याचं उत्तर व्याख्येतच देऊन टाकलं आहे. वाचक पुढचे दाखले शोधतो तेव्हा त्याला निकाल आधीच लागलेला असतो. याच व्याख्येचा एक भाग मात्र फार उपयोगी आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं: धर्मत्याग वेगळा, अज्ञानातून झालेली चूक वेगळी, आणि सैतानाच्या फासातून आलेली पाखंडी शिकवण वेगळी. शेवटच्या दोन्ही खऱ्या विश्वासासोबत असू शकतात. ही विभागणी चारांत इतक्या नेटकेपणाने दुसरीकडे नाही. १ करिंथ ९:२७वरही टीप स्पष्ट आहे: पौलाला भीती मुकुट गमावण्याची आहे, तारण गमावण्याची नाही. पटो न पटो, टीपकार कुठे उभा आहे हे तिथे लपत नाही.

जिनिव्हाबद्दल थोडक्यात. हे बायबल पहिल्यांदा १५६०मध्ये आलं आणि वचनांना क्रमांक देणारं ते पहिलं पूर्ण इंग्रजी बायबल. इब्री ६वरची १५९९ची टीप म्हणते की इथे विश्वासापासून पूर्णपणे फिरलेल्यांबद्दल बोललं आहे, माणसाच्या दुर्बलतेतून घडणाऱ्या पापांबद्दल नाही. धसका घेतलेल्या वाचकासाठी ही दोन ओळींची टीप मोलाची आहे. पण पूर्णपणे फिरलेला हा माणूस आधी खरा विश्वासणारा होता की नव्हता, हा आपला मूळ प्रश्न ती ओलांडून जाते. टिपांना अक्षरं आणि आकडे असे दोन क्रम असल्याने सुरुवातीला चुकायला होतं. नव्या वाचकाला पहिला संच म्हणून हा घ्यायला सांगवत नाही.

स्टॅम्प्स यांचा संच १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा. ते असेंब्लीज ऑफ गॉड या पेन्टेकॉस्टल पंथाचे ब्राझीलमधले मिशनरी होते. इथे टिपांबरोबर स्वतंत्र लेख आहेत, आणि इब्री ३:१२जवळ ‘वैयक्तिक धर्मत्याग’ हा लेखच सापडतो. जागा अचूक निवडली आहे, कारण ३:१२मध्येच ‘अविश्वासाचं दुष्ट हृदय’ आणि ‘जिवंत देवापासून फितणं’ एकत्र येतात. लेख धर्मत्यागाच्या दोन बाजू सांगतो: शिकवण नाकारण्याची आणि आचरणाने ख्रिस्तात राहणं सोडून पुन्हा पापाची गुलामी पत्करण्याची. मग पायऱ्या येतात. वचनातले इशारे मनावर न घेणं, जगातल्या गोष्टी देवाच्या राज्यापेक्षा खऱ्या वाटू लागणं, पापाबद्दल सैल होत जाणं, मन कठीण होणं, आणि शेवटी पवित्र आत्म्याला खिन्न करणं. मंडळी चालवणाऱ्याला ही यादी कामाची आहे, कारण विश्वास एका दुपारी सुटत नाही, तो उसवत जातो.

दोन गोष्टी खटकतात. नैतिक घसरण आणि अविश्वास एकाच छत्राखाली आल्याने ट्रेंटने वेगळे केलेले धागे पुन्हा गुंतले. कुणाच्या बाबतीत नक्की काय घडलं, हे लेखातून ठरवणं अवघड जातं. आणि वाचताना घाबरट मनाचा माणूस प्रत्येक पायरीवर स्वतःलाच पाहू लागतो. ते जाणूनच लेखात म्हटलं आहे की ज्याला मनापासून काळजी वाटते आणि देवाकडे परतावंसं वाटतं, त्याची ती इच्छाच तो अक्षम्य धर्मत्यागी नसल्याची खूण आहे. ही ओळ सुरुवातीलाच, ठळक चौकटीत हवी होती.

दुकानात किंवा ॲपवर दुसरं कोणतंही अभ्यास बायबल पारखायचं असेल, तर वीस मिनिटं पुरतात. इब्री ६ उघडा आणि पाठात ‘जर’ आहे का ते पहा. असेल, तर टीप त्याबद्दल काही सांगते का? मग इब्री ३:१४. इथे ‘आपण ख्रिस्ताचे भागीदार झालो आहोत’ हे क्रियापद पूर्ण काळात आहे आणि अट पुढे आहे: शेवटपर्यंत धरून राहिलो तर. टिकून राहणं ही आधीच झालेल्या गोष्टीची खूण ठरते, असा डॉर्टवाल्यांचा सर्वांत भक्कम व्याकरणाचा मुद्दा इथे आहे. आर्मिनियन वळणाच्या टिपेने तो निदान मान्य करून उत्तर द्यायला हवं. नंतर लूक ८:१३, जिथे खडकावरच्या लोकांबद्दल ‘काही काळ विश्वास ठेवतात’ असं क्रियापदासकट म्हटलं आहे. कॅल्विनवादी टिपेची परीक्षा इथे: ती ‘खोटा विश्वास’ म्हणते, तर ‘खोटा’ कुठून आणला ते सांगते का? रोमकरांस ११:२०-२२मध्ये फांद्या अविश्वासामुळे तोडल्या गेल्या आणि कलम केलेल्या फांदीलाही तोच इशारा आहे. इथे टीप राष्ट्रांबद्दल बोलते की व्यक्तींबद्दल, आणि २३व्या वचनात तोडलेल्या फांद्या परत जोडता येतात याची दखल घेते का, हे पहा. इब्री ६चं ‘अशक्य’ आणि रोम ११चं ‘पुन्हा कलम’ या दोन्हींना एकाच पानावर तोंड देणारी टीप हातात आली, तर ते पुस्तक विकत घ्यायला तिथेच बाजूला काढून ठेवावं.

शेवटी २ तीमथ्य २:१३. ‘आपण अविश्वासी झालो’ यामागच्या ग्रीक ‘अपिस्तूमेन’चे दोन अर्थ होतात, विश्वास न ठेवणं आणि एकनिष्ठ न राहणं. लूक २४:११मध्ये पहिला अर्थ आहे. रोम ३:३मध्ये देवाच्या विश्वासूपणाशी तुलना असल्याने दुसरा पुढे येतो. आणि १२व्या वचनात ‘आपण नाकारलं तर तोही नाकारील’ असं नुकतंच म्हटलेलं असल्याने ‘तो विश्वासू राहतो’ याचा अर्थ अभिवचनाशी विश्वासू की इशाऱ्याशी, हाही वाद आहे. पाचव्या मताचा मोठा आधार हेच वचन. टिपेने दोन्ही वाचनं दिली नाहीत, तर ती तुम्हाला वाद असल्याचंच कळू देत नाही.

शंका आणि अविश्वास यांत टीपकार फरक करतो का, हेही बघायला विसरू नये. मार्क ९:२४मधला बाप ‘माझ्या अविश्वासात मला साहाय्य कर’ म्हणतो. लूक २२:३२मध्ये पेत्राचा विश्वास खचू नये म्हणून येशू प्रार्थना करतो, आणि तरी तो नाकारतो आणि परततो. यहूदाच्या पत्रात, २२व्या वचनात, शंका असणाऱ्यांवर दया करायला सांगितलं आहे. या तीन जागांवर गप्प आणि इब्री ६वर बोलका असलेला संच रात्री दोन वाजता वाचणाऱ्याच्या हातात देऊ नये.

मग घ्यावं काय? एकच घ्यायचं तर इब्री आणि कलस्सैसाठी वेस्ली, कारण तो पाठाला धरून चालतो आणि जिथे सुटतो तिथे सहज पकडता येतो. दोन घ्यायचे तर वेस्लीसोबत स्कोफिल्ड, समोरासमोर उघडून. स्टॅम्प्स यांचा लेख शिकवणाऱ्याने वाचावा, घाबरलेल्या माणसाला वाचायला देऊ नये. वेस्ली, जिनिव्हा आणि १९१७चं स्कोफिल्ड यांचे हक्क संपलेले असल्याने मोफत ॲपवर तिन्ही मिळतात, पण एक खोच आहे. अनेक डिजिटल आवृत्त्यांत वेस्लीच्या टिपा त्याच्या स्वतःच्या पाठाऐवजी किंग जेम्सखाली जोडलेल्या असतात. त्यामुळे वर ‘जर ते पडले तर’ छापलेलं दिसतं आणि खाली ‘हे गृहीतक नव्हे’ अशी टीप, आणि वाचकाला वाटतं वेस्लीचंच काहीतरी चुकलं. त्याचा मूळ पाठ असलेली आवृत्ती शोधून शेजारच्या खिडकीत उघडी ठेवा.